उरलेल्या दिवसात बसवलेलं बेट

येत्या फेब्रुवारीत बोनेअरला जायचं ठरतंय. न्यू जर्सीत त्या महिन्यात अंगणातला बर्फ काळा पडलेला असतो आणि माणसं एकमेकांवर उगाच खेकसत असतात. त्यामुळे कॅरिबियनचं तिकीट काढायला आणखी कारण लागत नाही. मी मात्र ते शोधून ठेवलं. कुणी विचारलं की सांगतो, "तिथली प्रवाळाची रीफ शिल्लक आहे तोवर बघून घ्यायला हवी." वाक्य भारदस्त आहे. ऐकणारा गंभीर होतो, मान हलवतो, आणि माझ्या सुट्टीला एकदम अभ्यासदौऱ्याची कळा येते. हेच वाक्य पुन्हापुन्हा वापरल्यावर मलाच त्याचा संशय यायला लागला. म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी स्वतःची जरा झडती घ्यावी म्हणतो.

बोनेअर म्हणजे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं, नेदरलँड्सच्या अखत्यारीतलं २८८ चौरस किलोमीटरचं बेट. स्कूबा करणाऱ्यांत त्याचं नाव आदराने घेतलं जातं आणि त्याला कारण आहे. कासवांच्या अंड्यांना आणि घरट्यांना इथे १९६१ पासून संरक्षण आहे. भाल्याने मासे मारायला १९७१ मध्ये आणि प्रवाळ तोडायला १९७५ मध्ये बंदी आली. १९७९ मध्ये बेटाभोवतालचं पाणी सागरी उद्यान झालं. डाइव्हच्या बोटीने रीफवर नांगर टाकायचा नाही, कायम बसवलेल्या बोयांनाच दोर बांधायचा. म्हणून कॅरिबियनमध्ये एकेक रीफ शेवाळाखाली जात असताना ही त्या मानाने टिकली. पण २०१४ मध्ये फ्लोरिडात मायामीजवळ दगडी प्रवाळांचा एक रोग दिसला आणि बेटाबेटांवरून सरकत २०२३ मध्ये बोनेअरला पोचला. मेंदूच्या आकाराच्या प्रवाळावर पांढरा चट्टा उठतो, तो पसरत जातो, आणि माणसाच्या कित्येक पिढ्यांएवढं वय असलेली वसाहत काही आठवड्यांत नुसता सांगाडा होऊन उरते. त्याच वर्षी पाणी तापलं आणि रोगातून वाचलेले प्रवाळही पांढरे पडले.

ही बातमी वाचून मी पहिलं काम काय केलं? विमानाचे दर पाहिले.

यातलं मला खटकतं ते असं. गावाकडचं म्हातारं माणूस आता फार दिवसांचं नाही असं कळलं की लोक भेटायला जातात, आणि गेलेला माणूस निदान औषधपाण्याची चौकशी तरी करतो. मी चौकशी करत होतो ती फेब्रुवारीत पाणी किती स्वच्छ असेल आणि फोटो कसे येतील याची. बातमीने वाईट वाटलं हे खरं, पण त्याआधी घाई झाली. ही घाई प्रवाळासाठी नव्हती. "आम्ही पाहिलंय बरं का" असं उद्या म्हणू शकणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लागावं, यासाठी होती. जे संपत चाललंय त्याचे साक्षीदार कमी असतात आणि कमी असलेल्या गोष्टीला भाव असतो, हे माझ्यातल्या व्यवहारी माणसाने भावनाप्रधान माणसाच्या आधी ओळखलं होतं.

हिल्मा हूकर नावाचं एक जहाज तिथे बुडालेलं आहे. १९८४ मध्ये त्यावर गांजाचे ढीग सापडले, मालक पुढे आला नाही, आणि सप्टेंबरात ते कलंडून सुमारे तीस मीटरवर तळाला बसलं. माझ्या यादीत ते सर्वांत वर आहे. माशांसाठी म्हणावं, तर मासे त्याहून कमी खोलीवर जास्त दिसतात. गणपतीत महाराष्ट्र मंडळात जेवणाच्या रांगेत उभं राहून सांगायला ही गोष्ट फार चांगली आहे, एवढंच. असो. यात पाप काही नाही. पण तिला निसर्गप्रेमाच्या खात्यात जमा करू नये.

विमानाबद्दल थोडक्यात. नेवार्कहून एका बाजूने साधारण ३,२०० किलोमीटर. समुद्र तापवणाऱ्या धुरात भर घालत मी तापलेला समुद्र बघायला जाणार, हा विरोधाभास शाळकरी मुलालाही दिसेल. माझ्याकडे त्यावर उत्तर तयार होतं: विमान तसंही उडणारच, मी नाही बसलो तर दुसरा बसेल. हे उत्तर इतक्या पटकन तोंडात आलं की मीच दचकलो. टेबलाखालून पैसे घेणाराही हेच म्हणतो. तिकीट काढताना चार पैसे जास्त भरून झाडं लावायचा एक पर्याय येतो. त्या चौकटीत खूण केली की लगेच हलकं वाटतं, आणि माझा अंदाज असा की मी पैसे त्या हलकं वाटण्याचेच भरतो. झाड लागतं की नाही हे मी आजवर पाहायला गेलेलो नाही, जाणारही नाही.

आता पाण्याखालचं. बोनेअरची खासियत म्हणजे किनाऱ्यावरून डाइव्ह. भाड्याचा पिकअप ट्रक घ्यायचा, मागे टँक टाकायचे, रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडावर जागेचं नाव वाचायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. बोट नको, गाइड नको. पहिल्या दिवशी एक सरावाची डाइव्ह सक्तीची असते, तेवढी झाली की तुम्ही आणि तुमचा जोडीदार. मला या स्वातंत्र्याचं फार आकर्षण आहे. कॅरिबियनमधल्याच सेंट लुसिया बेटावर डायव्हर पाण्याखाली कसे वागतात याचा एक अभ्यास झाला होता. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मी तो चारदा वाचायचा टाळून शेवटी वाचला. कॅमेरा हातात असला की प्रवाळाला धक्के जास्त बसतात. किनाऱ्यावरून केलेल्या डाइव्हमध्ये बोटीवरल्यापेक्षा जास्त. रात्री दिवसापेक्षा जास्त. उतरण्याआधी "हात लावू नका" म्हणून सांगितलं तरी फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो पाण्याखाली गाइडने जवळ येऊन टोकल्यावर.

म्हणजे कॅमेरा, किनारा आणि रात्र. माझ्या सहलीचा आराखडाच हा. आणि टोकणारा तिथे कुणी नसणार.

पाण्याखाली एक क्षण असतो, तो डायव्हर नसलेल्यांना सांगायला हवा. फटीत एखादा इवलासा फ्रॉगफिश बसलेला असतो, रंगाने हुबेहूब स्पंज. तो सापडला की श्वास आपोआप भरून घेतला जातो, आणि भरलेल्या फुप्फुसांनी शरीर हळूहळू वर उचललं जातं. फोटो निसटणार असं दिसतं. अशा वेळी डावं बोट कशाला तरी टेकवून स्थिर व्हावं ही ऊर्मी इतकी सहज येते की तिला विचार म्हणता येत नाही. बोट कुठे टेकलं ते व्ह्यूफाइंडरमधून दिसत नाही. बोनेअरच्या उद्यानात हातमोजे घालायला मनाई आहे आणि त्यामागची समज मोठी मार्मिक वाटते: उघड्या हाताला टोचण्याची भीती असते, म्हणून तो आवरतो. माणसाच्या सदसद्विवेकावर विसंबून न राहता त्याच्या कातडीवर विसंबलेला नियम. ज्याने केला त्याला आम्ही लोक चांगले कळले होते.

रोगाच्या साथीमुळे तिथे डाइव्हचं सामान निर्जंतुक करायला सांगतात. वेटसूट, बूट, जॅकेट, सगळं औषधाच्या पाण्यात बुडवायचं, मग गोड्या पाण्यात खंगाळायचं. बेटावर नद्या नाहीत. नळाला येणारं पाणी समुद्राचंच, क्षार काढून गोडं केलेलं. रात्री नऊला दमूनभागून परतल्यावर, उपाशीपोटी, पार्किंगच्या अंधारात, कुणी बघत नसताना मी हे करणार आहे का? आत्ता खुर्चीत बसून "अर्थातच" म्हणायला काय जातंय. माझं स्वतःबद्दलचं मत रात्री नऊ वाजता तितकंसं चांगलं नसतं.

एक कागद मात्र आत्ताच समोर आहे. डाइव्हआधी भरायची आरोग्याची प्रश्नावली. त्यात वय ४५ च्या वर आहे का असं विचारतात, हो म्हटलं की आणखी एक चौकट उघडते, आणि तिच्यात रक्तदाब आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज सकाळी चहाआधी घेतो, आकडे व्यवस्थित असतात. "हो" म्हटलं की डॉक्टरची सही लागते, डॉक्टर बहुधा स्ट्रेस टेस्ट सांगेल, टेस्टची तारीख कधी मिळेल देव जाणे. "नाही" म्हटलं की प्रश्न मिटला. डायव्हरांच्या गप्पांत हे सर्रास चालतं. सगळ्याला "नाही" मारायचं, त्यांना काय कळतंय!

मी पेन हातात घेऊन बसलो तेव्हा मनात जे चाललं त्यात धाडस नव्हतं, नुसता हिशेब होता. माझा जीव, मी बघून घेईन. पण पाण्याखाली जीव एकट्याचा नसतो. वीस मीटरवर माझ्या छातीत काही झालं तर मला वर आणणारी माझी बायको असेल, आणि घाबरून ती नको त्या वेगाने वर आली तर नायट्रोजनचे बुडबुडे तिच्या रक्तात होतील. किनाऱ्यावर मला ओढणारे दोन अनोळखी लोक असतील. बेटावरच्या इस्पितळात त्या रात्री जागणारा डॉक्टर असेल. एका खोट्या खुणेवर एवढ्या लोकांची नावं लिहिलेली असतात. मी "हो" वर खूण केली. लगेच मनात आलं, हे आता बायकोला सांगून शाबासकी घ्यावी. ते टाळलं. निदान या लेखापर्यंत टाळलं.

मालवणला माझा मावसभाऊ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना स्कूबाला नेणाऱ्या होडीवर असतो. फोनवर त्याला सांगितलं, की बोनेअरला उतरल्यावर ७५ डॉलर प्रवेशकर, शिवाय समुद्रात उतरायचे वर्षाचे ४० डॉलर वेगळे, आणि त्या चाळीस डॉलरमधून उद्यान चालतं, किती चांगली व्यवस्था. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "थय गपचूप डॉलर मोजतलस, आनि हय इलस काय चारशे रुपयांसाठी घासाघीस करतस." मी हसलो. तो हसला नाही.

मालवणचं पाणीही अभयारण्य आहे, १९८७ पासून, २९ चौरस किलोमीटर. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं: पिढ्यान्पिढ्या आमचा असलेला समुद्र तुम्ही कोण अडवणार. त्या वादाविषयी वाचताना मी मनातून कुणाच्या बाजूने होतो ते मला माहीत आहे. आणि बोनेअरचा नियम वाचताना माझ्या तोंडून "शिस्त" निघते, मालवणच्या होडीवरचा पोरगा "दादा, थय पाय नको" म्हणाला की मी ते ऐकल्यासारखं करतो. समुद्र तोच, प्रवाळ तेच, शब्द पाळायची माझी तयारी मात्र ज्या चलनात पैसे मोजले त्यानुसार बदलते. मावसभावाने हे एका वाक्यात पकडलं, याचा मला अजून राग आहे.

पण सर्वांत अडचणीची गोष्ट माझ्या एक्सेल शीटमध्ये निघाली.

शीटमध्ये दर दिवसाला एक ओळ. सकाळी दोन डाइव्ह, दुपारी एक, एखाद्या दिवशी रात्रीची. शेवटच्या ओळीत लिहिलंय: नो फ्लाय. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो निघून जायच्या आत विमानात बसलं तर केबिनच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून अनेक दिवस डाइव्ह केल्यावर निदान अठरा तास थांबायला सांगतात, आम्ही पूर्ण दिवस थांबतो. त्या दिवशी पाण्यात उतरता येत नाही. मग करायचं काय? बेट बघायचं. माझ्या ओळीत आहे: "फ्लेमिंगो, मिठागर, गुलामांच्या झोपड्या, रिन्कॉन, जेवण, पॅकिंग."

या क्रमानेच आहे. मी बदललेला नाही.

बेटाच्या दक्षिणेला, मिठागरांच्या कडेने, समुद्राला लागून दगडी झोपड्या उभ्या आहेत. १८५० मध्ये बांधलेल्या. दार माणसाच्या कमरेएवढं, आत शिरायचं तर वाकून, जवळजवळ रांगत. मिठावर राबणाऱ्या गुलामांनी आठवडाभर रात्री इथे काढायच्या. हे गुलाम कुणा जमीनदाराचे नव्हते, सरकारचे होते. पापियामेंतु या तिथल्या भाषेत त्यांना राजाचे गुलाम म्हणत. बायकापोरं रिन्कॉनला, बेटाच्या उत्तर भागातल्या दरीत. आठवडा संपला की घरी जायचं, पायी, सात तासांची वाट, आणि मग तेवढंच चालत परत. त्या काठावर दिवसभर मीठ उपसणं म्हणजे काय, हे कल्पनेने कळायचं तर एवढंच पुरे की आजही दुपारी त्या पांढऱ्या ढिगांकडे गॉगलशिवाय बघवत नाही. जहाजांना मीठ कुठे भरायचं ते कळावं म्हणून किनाऱ्यावर रंगीत स्तंभ उभारले होते. त्यांतले काही अजून आहेत, आणि पर्यटक त्यांना टेकून फोटो काढतात. नेदरलँड्सने आपल्या कॅरिबियन वसाहतींतली गुलामी १ जुलै १८६३ रोजी संपवली.

आता शीटमधली मधली एक ओळ. "रेड स्लेव्ह: प्रवाह जोरात, अनुभव हवा, कासवं दिसू शकतात." डाइव्हच्या जागेचं नाव आहे ते. जवळच व्हाइट स्लेव्ह नावाची दुसरी. ट्रक त्या झोपड्यांच्या शेजारीच लावायचा असतो. टँक पाठीवर चढवायचा तो त्या दारांच्या समोर. मधल्या ओळीत मी ती जागा प्रवाह आणि कासवांसाठी नोंदवली होती आणि शेवटच्या ओळीत झोपड्यांसाठी, आणि या दोन्ही ओळी एकाच किनाऱ्याच्या आहेत हे शीट भरताना माझ्या ध्यानातही आलं नाही. मला पाणी दिसत होतं, त्याला लागून जमीन असते याची आठवण झाली ती नायट्रोजनमुळे.

त्या जमिनीवर आज पंचवीस हजारांच्या आसपास माणसं राहतात. त्यांच्याबद्दल माझ्या शीटमध्ये एकच नोंद आहे: "ट्रकमध्ये काही ठेवू नये, काचा खाली ठेवाव्यात." तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो, कारण बंद ट्रकची काच फुटते. सल्ला उपयोगी आहे. पण एका बेटाबद्दल वाचलेल्या एवढ्या मजकुरातून तिथल्या लोकांविषयी मी उतरवून घेतलं ते हे.

बेटावरच्या आठ रहिवाशांनी २०२४ च्या जानेवारीत ग्रीनपीसबरोबर नेदरलँड्स सरकारवर हेगच्या कोर्टात खटला भरला. वाढत्या उष्णतेपासून आणि चढत्या समुद्रापासून आम्हाला वाचवण्यासाठी सरकार पुरेसं काही करत नाही, असं त्यांचं म्हणणं. बेटाचा दक्षिण भाग अगदी सखल आहे. मिठागरं तिथेच, झोपड्या तिथेच. त्या आठ जणांना "शिल्लक आहे तोवर बघून घेऊ" असं म्हणायची सोय नाही.

हे सगळं बायकोला सांगितलं आणि म्हणालो की रिन्कॉन आणि झोपड्या पहिल्याच दिवशी करू, शेवटी उरलंसुरलं म्हणून नको. ती म्हणाली, "तिथे जाऊन नेमकं काय करायचंय तुला? वाईट वाटून घ्यायचंय?" मी गप्प बसलो, कारण बाण बरोबर लागला होता. वाईट वाटून घेणं हाही सहलीतला एक कार्यक्रम होऊ शकतो, आणि तो मी कासवांइतक्याच हौसेने पार पाडेन अशी मला दाट शंका आहे. वर त्याचा लेखही होईल. तो झालाच.

तरी बदल केला. पहिला पूर्ण दिवस रिन्कॉनचा. तिथल्याच कुणाकडून गाव बघायचं, तिथेच जेवायचं, आणि प्रश्न विचारायच्या आधी ऐकायचं. डाइव्हच्या पहिल्या दोन दिवसांसाठी तिथला गाइड घेतलाय, पैसे देऊन, मला टोकण्यासाठी. त्याला तसं लिहून कळवलंय, म्हणजे तो भिडेखातर गप्प राहणार नाही. स्ट्रेस टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. ती नीट आली नाही तर मी काठावरून स्नॉर्केल लावून बघणार आणि खाली बायको जाणार, गाइडबरोबर. असं झालं तर मला तिचा हेवा वाटेल, हे तिला सांगून ठेवलंय.

कॅमेरा घरी ठेवावा असं मनात येऊन गेलं. तो यादीतून मी काढलेला नाही. निदान रात्रीच्या डाइव्हला नेणार नाही, इतपत माझी मजल गेली आहे. आणि रिन्कॉनच्या दिवसापायी पहिल्या दिवशीच्या डाइव्ह बुडाल्या, याची चुटपुट लागली आहे. काल रात्री मी पुन्हा शीट उघडून पाहिलं, दुपारी तीनपर्यंत परत आलो तर एखादी बसवता येईल का ते.